रानड्यांचा अमरावतींतील प्रश्न आणि मुलींची सुंता

इ. स. १८९७ च्या डिसेंबरांत अमरावतीस राष्ट्रीय सभेचें तेरावें अधिवेशन भरलें. अध्यक्षस्थानीं मद्रासचे शंकरन् नायर होते. त्या अधिवेशनांतील ठराव आज वऱ्हाडांतहि फारसे कोणाच्या स्मरणांत नसतील. परंतु त्याच दिवसांत त्याच गांवीं जी सामाजिक परिषद भरली, तींतील न्यायमूर्ति रानड्यांचें भाषण अजून वाचण्यासारखें आहे. ‘सुधारणा’ हा शब्द त्या काळीं पुष्कळांस परका वाटूं लागला होता. सुधारणा नको, पूर्वस्थितीचें पुनरुज्जीवन हवें, असें म्हणणारा पक्ष जोरावर होता. त्या पक्षास रानड्यांनीं शांतपणें विचारलें कीं, पुनरुज्जीवन करावयाचें तें कशाचें? आठ प्रकारच्या विवाहांचें? नियोगाचें? सतीचें? ज्या काळाकडे बोट दाखवावें त्या काळींहि कांहीं ना कांहीं बदलतच होतें. पुढें त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बाहेरचा आचार बदलावयाचा तर आंतल्या कल्पना बदलल्या पाहिजेत. आणि मग त्या कल्पना एकेक करून सांगितल्या. आपापल्या कुंपणांत राहण्याची वृत्ति, अंतःकरणाच्या आवाजापेक्षां बाहेरच्या सत्तेपुढें मान तुकविण्याची सवय, जन्मावरून मानलेले कृत्रिम भेद, डोळ्यांदेखत चाललेलें अनुचित कृत्य मुकाट्यानें सोसणें, आणि ऐहिक कल्याणाविषयीं दैववादी उदासीनता.

हें भाषण मुख्यतः हिंदु समाजास उद्देशून होतें. मला तें आतां आठवण्याचें कारण निराळें आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या कांहीं दाऊदी बोहरी स्त्रियांनीं आपल्या समाजांतील एका चालीविरुद्ध जें लिहिलें व बोललें, तें वाचीत असतां रानड्यांच्या त्या यादींतील एकेक बाब पुन्हां डोळ्यांपुढें उभी राहते. ती चाल म्हणजे मुलींची सुंता. त्या समाजांत तिला ‘खतना’ किंवा ‘खफ्ज’ म्हणतात.

बोहरी कोण हें वऱ्हाडांतील माणसास सांगावयास नको. बिजागऱ्या, कड्या, खिळे, काचसामान किंवा पत्र्याची पेटी घ्यावयाची म्हटली म्हणजे अकोल्यास काय आणि अमरावतीस काय, पाय आपोआप बोहऱ्याच्या दुकानाकडे वळतात. पांढऱ्या टोपीस सोनेरी किनार, हिशेब चोख, बोलणें मृदु. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली, आणि मारवाडी, कच्छी, गुजराथी व्यापाऱ्यांबरोबर बोहरीहि या पेठांत स्थिरावले. बऱ्हाणपुरास तर त्यांची वस्ती त्याहून पुष्कळ जुनी. तेथील हकीमी दर्गा हें त्यांचें मोठें यात्रास्थान आहे. पिढ्यान् पिढ्या येथें काढूनहि घरांतील भाषा गुजराथी, तीहि अरबी शब्दांनीं भरलेली. आणि धर्माच्या बाबतींत मुंबईच्या सय्यदनांची आज्ञा. हा मूळचाच प्रवासी समाज आहे. त्यांचा पंथ इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या काळीं उदयास येऊन येमेनमार्गें गुजराथेंत आला, आणि गुजराथेंतून त्यांचे भाऊबंद मोंबासा, झांझीबार, कोलंबो व पुढें लंडन, सिडनी, डेट्रॉइट येथवर गेले. जेथें जेथें ते गेले तेथें तेथें त्यांची भांडीं, त्यांचें मोठें थाळ आणि ही चालहि गेली.

चालीचें स्वरूप थोडक्यांत सांगतों; अधिक वर्णनानें कोणाचें हित नाहीं. मुलगी सुमारें सात वर्षांची झाली म्हणजे आजी, मावशी किंवा आई तिला फिरावयास नेण्याच्या किंवा खाऊच्या निमित्तानें बाहेर काढते. एखाद्या अनोळखी घरांत एक म्हातारी स्त्री, आणि अलीकडे शहरांत कधीं कधीं डॉक्टर, तिच्या जननेंद्रियाच्या अग्रावरील त्वचेचा भाग कापते. घरीं आल्यावर बजावलें जातें कीं, याविषयीं कोणापाशींहि, विशेषतः बापापाशीं, बोलावयाचें नाहीं. कुराणांत याचा उल्लेख नाहीं. या पंथाचे पंडित आधार देतात तो दहाव्या शतकांतील काझी नुमान याच्या ‘दआइम-उल-इस्लाम’ या ग्रंथाचा. कोणी हेतु स्वच्छतेचा सांगतात, कोणी पतीच्या सुखाचा. पण पुष्कळ स्त्रियांनीं आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकलेलें कारण सरळ आहे : मुलीची वासना आटोक्यांत राहावी. जागतिक आरोग्य संघटना वैद्यकीय कारणावांचून केलेल्या अशा कोणत्याहि छेदाची गणना स्त्रीच्या जननेंद्रियाच्या विच्छेदनांत करते व त्याचे चार प्रकार मानते. बोहऱ्यांची चाल त्यांपैकीं बहुधा पहिल्यांत मोडते. आफ्रिकेच्या कांहीं भागांत चालणारे प्रकार याहून फार भयंकर आहेत, हें खरें. १९९१ सालीं रेहाना घडियाली या विदुषीनें ‘मानुषी’ या नियतकालिकांत या विषयावर लेख लिहिला. तोंवर बाहेरच्या जगास याची वार्ताहि नव्हती, आणि नंतरहि वीस वर्षें बहुतेक शांतताच होती.

मुसलमानांतील एका लहानशा पंथाची ही गोष्ट वाचून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मनांत ‘काय हे लोक!’ असा उद्गार आला असेल. तो क्षणभर आवरावा, आणि संमतिवयाच्या वादाचे कागद काढून पाहावे, अशी माझी विनंति आहे.

१८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमानें मरण पावली. पती पस्तिशीच्या घरांतला. पीनल कोडांत तेव्हां पत्नीचें वय दहा वर्षांहून अधिक असलें कीं बलात्काराचा गुन्हाच होत नसे. म्हणून त्यास दुखापतीच्या कलमाखालीं वर्षभराची शिक्षा झाली. मुंबईच्या मलबारींनीं १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध ओरड चालविलीच होती. १८९१ च्या जानेवारींत सर अँड्र्यू स्कोबल यांनीं ही मर्यादा दहावरून बारावर नेण्याचें बिल मांडलें आणि मार्चांत तें पास झालें. दोन वर्षांची वाढ, एवढीच गोष्ट. पण तेवढ्यासाठीं पुण्यांत व कलकत्त्यांत सभा झाल्या, भाषणें झालीं, गर्भाधानसंस्कार बुडतो म्हणून धर्मशास्त्राच्या पोथ्या सोडल्या गेल्या. डॉ. भांडारकरांनीं त्याच पोथ्यांतून उलट वचनें काढून दाखविलीं. आगरकरांच्या ‘सुधारका’नें बिलाची बाजू घेतली; टिळकांच्या ‘केसरी’नें विरोध केला. टिळकांचा मुख्य आक्षेप असा होता कीं, परक्या सरकारानें आमच्या घरांत हात घालूं नये. आम्ही आमचें पाहूं. सामान्य विरोधकांचे आक्षेप याहून हलके होते : एखादें प्रकरण घडलें म्हणून साऱ्या समाजास कलंक कां लावतां, बायकांची तक्रार नाहीं, मग तुम्हांस काय, हें शिकलेल्यांचें साहेबी खूळ आहे.

यांतील एकहि वाक्य असें नाहीं कीं जें गेल्या दहा वर्षांत मुलींच्या सुंतेच्या बाजूनें पुन्हां उच्चारलें गेलें नाहीं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत बोहरी स्त्रियांचीच एक संस्था या चालीच्या समर्थनार्थ उभी राहिली. आमची चाल म्हणजे मुलग्यांच्या सुंतेसारखीच निरुपद्रवी सुंता आहे, तिला विच्छेदन म्हणणें हा अपमान आहे, आणि ती आमच्या धर्माचा भाग आहे, असें तिचें म्हणणें. या स्त्रियांस खोट्या ठरविण्याचें कारण नाहीं. १८९१ सालीं आपल्या पणज्यांस विचारलें असतें तर त्यांपैकीं पुष्कळजणींनीं बिलाविरुद्धच कौल दिला असता. सोसलेल्या माणसास सोसणें व्यर्थ होतें असें कबूल करणें किती जड जातें, हें ज्याच्या घरांत एखादी केशवपन केलेली आजी होऊन गेली त्यास कळेल.

दुसरी गोष्ट भीतीची. दाऊदी बोहरी मूल वयांत आलें म्हणजे दाईंशीं निष्ठेची शपथ घेतें; तिला ‘मिसाक’ म्हणतात. विवाह, दफन, मशिदींत प्रवेश, सर्व कांहीं जमातीच्या अनुज्ञेनें. ती अनुज्ञा गेली म्हणजे सख्खा भाऊहि दार लावून घेतो. १९७० नंतरच्या दशकांत उदेपूरच्या सुधारक बोहऱ्यांनीं याचा कडू अनुभव घेतला. मुंबई इलाख्यांत १९४९ सालीं असा बहिष्कार बेकायदेशीर ठरविणारा कायदा झाला होता (वऱ्हाड तेव्हां मध्यप्रांतांत, म्हणून येथें त्याचा संबंध नव्हता). परंतु सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं तो घटनाविरुद्ध म्हणून रद्द केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा नवा कायदा व्हावयास २०१६ साल उजाडलें. ही भीति समजण्यासहि आपणांस दूर जावयास नको. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींच्या पुढें चहा ठेवला गेला. त्यावरून जें ग्रामण्य माजलें त्यांत खुद्द रानड्यांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. हायकोर्टाचा होणारा न्यायाधीश चहाच्या एका पेल्यावरून वाकला, तर दुकान, नातींगोतीं आणि कबरीची जागा ज्यांची जमातीच्या हातीं, त्या गृहिणींनीं काय करावें? २०११ सालीं या चालीविरुद्ध सय्यदनांस पहिला जाहीर अर्ज करणाऱ्या बाईनें आपलें खरें नांव दिलें नव्हतें, यांत नवल नाहीं.

पुढच्या चार-पांच वर्षांत मात्र कोंडी फुटली. प्रिया गोस्वामी यांनीं २०१२ सालीं या विषयावर माहितीपट काढला. २०१५ सालीं मासूमा रानालवी व त्यांच्या मैत्रिणी स्वतःच्या नांवांनिशीं पुढें आल्या, आणि त्याच वर्षीं मुंबईंत ‘सहियो’ ही संस्था निघाली. गुजराथींत ‘सहियो’ म्हणजे सख्या. आरेफा जोहरी, इन्सिया दरीवाला यांसारख्या तिच्या संस्थापिकांनीं काम निवडलें तें फारच साधें : एका बाईनें दुसऱ्या एका बाईशीं या विषयावर बोलावयाचें, इतकेंच. संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत देशोदेशींच्या ३८५ बोहरी स्त्रियांनीं उत्तरें दिलीं. त्यांपैकीं शेंकडा ८० जणींवर हा प्रकार झाला होता, आणि शेंकडा ८१ जणींस तो पुढें चालावा असें वाटत नव्हतें. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. ज्या चालीस ती सोसलेल्या इतक्या जणी प्रतिकूल, ती चालते कशी? माझ्या मतें, प्रत्येकीस वाटतें कीं आपण एकटीच अशा विचाराची आहों. आणि एकटीनें मोडावें तर मुलीच्या लग्नाचें काय?

हें कोडें नवें नाहीं. चीनमध्यें मुलींचे पाय बांधून लहान करण्याची चाल शतकानुशतकें होती. बादशाही हुकुमांस तिनें दाद दिली नाहीं. १८९५ च्या सुमारास तेथें ‘नैसर्गिक पाया’च्या सभा निघाल्या. त्यांचे सभासद दोन प्रतिज्ञा करीत : मुलीचे पाय बांधणार नाहीं, आणि पाय बांधलेली सून आणणार नाहीं. खुबी सगळी दुसऱ्या प्रतिज्ञेंत होती. सिडनी गॅम्बल या अमेरिकन संशोधकानें १९२९ सालीं उत्तर चीनमधील एका तालुक्यांत गणती केली, तेव्हां १८९० पूर्वीं जन्मलेल्या बायकांपैकीं शेंकडा ९९ जणींचे पाय बांधलेले आढळले. १९१९ नंतर जन्मलेल्यांत एकीचेहि नाहींत. याच्या उलट केनियांत पाहा. १९२९ सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं किकुयू लोकांस मुलींची सुंता सोडण्याची शपथ घ्यावयास लाविलें. न घेणारांस चर्च व शाळा बंद. लोकांनीं चर्च सोडलें, स्वतःच्या शाळा काढल्या, आणि सुंता हें स्वदेशाभिमानाचें चिन्ह होऊन बसलें. जोमो केन्याटांसारख्या पुढाऱ्यानें १९३८ च्या आपल्या ग्रंथांत तिचें समर्थन केलें. १९५६ सालीं त्याच देशांतील मेरू प्रांतांत बंदी झाली, तेव्हां मुलींनीं पातीं विकत घेऊन एकमेकींवर तो प्रकार उरकून घेतला! टिळकांच्या आक्षेपांत जें तथ्य होतें तें येथें उघडें पडतें. हुकूम परक्याचा असला कीं नकार हाच धर्म होतो.

याच विषयांत चीनचा धडा गिरविला गेला तो पश्चिम आफ्रिकेंत. सेनेगालमध्यें मॅलिकुंडा बंबारा या खेड्याच्या बायकांनीं १९९७ च्या जुलैंत जाहीरपणें ही चाल सोडली. तेव्हां जवळच्या गांवचे इमाम देंबा जावारा म्हणाले कीं, एका गांवानें सोडून भागत नाहीं, कारण आपल्या सोयरिकी दहा गांवांत आहेत. मग हा वृद्ध गृहस्थ पायीं त्या गांवोगांवीं फिरला, नातलगांच्या ओसरीवर बसला, बोलला. १९९८ च्या फेब्रुवारींत तेरा गांवांनीं मिळून चाल सोडल्याचें जाहीर केलें. सरकारचा कायदा त्यानंतरच्या वर्षीं आला. सोयरिकीची गोष्ट वऱ्हाडी माणसास समजावी लागत नाहीं. हुंड्याचा विषय आपण सभेंत एकमतानें संपवितों व बैठकींत पुन्हां सुरू करितों, तें याच कारणानें.

परदेशीं गेलेल्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी असते. नव्या मुलखांत भाषा जाते, पोशाख जातो, मग जें कोणास दिसत नाहीं तें घट्ट धरलें जातें. लंडनमध्यें घानाच्या एफुआ डॉर्केनू या परिचारिकेनें १९८३ सालीं आफ्रिकन स्त्रियांची संस्था काढली आणि आपल्याच लोकांच्या घरीं जाऊन हा विषय काढावयास आरंभ केला. ब्रिटनचा कायदा १९८५ सालचा. त्याखालीं काय किंवा २००३ च्या सुधारलेल्या कायद्याखालीं काय, पहिला गुन्हा शाबीत झाला तो २०१९ सालीं. यावरून कायदा व्यर्थ असें मात्र कोणीं म्हणूं नये. ऑस्ट्रेलियांत न्यू साउथ वेल्समध्यें २०१५ सालीं दोन लहान बहिणींच्या प्रकरणांत त्यांची आई, एक निवृत्त परिचारिका व जमातीचा एक धर्माधिकारी दोषी ठरले. (मधल्या अपिलांत ते सुटले, पण किंचित् छेद केला तरी कायद्याच्या अर्थानें तें विच्छेदनच, असें तेथील सर्वोच्च न्यायासनानें २०१९ सालीं ठरविलें.) या खटल्यानंतर सिडनी, लंडन व अमेरिकेंतील अनेक बोहरी जमातींनीं आपल्या सभासदांस पत्रें काढून कळविलें कीं, देशाचा कायदा पाळावा व हा प्रकार करूं नये. जून १९१६ नव्हे, २०१६ च्या जूनमधील ही गोष्ट : खुद्द सय्यदनांच्या निवेदनांतहि, जेथें बंदी आहे तेथें कायदा पाळावा, असें सांगण्यांत आलें, मात्र ही चाल धार्मिक शुचितेचा भाग आहे हेंहि त्यांतच सांगितलें गेलें.

आतां या स्थितीकडे जरा निरखून पाहावें. एकाच घराण्यांतील दोन चुलतबहिणी. एक सिडनींत, एक मुंबईंत. पहिलीस जमात स्वतःच सांगते कीं तुझें अंग अखंड राहूं दे, दुसरीस सांगत नाहीं. आणि दोघींचा धर्म एकच. म्हणजे धर्माचें काम या छेदावांचून चालतें, हें समाजानें स्वतः कबूल केल्यासारखेंच झालें. हा मुद्दा मला सर्व शास्त्रार्थांपेक्षां बलवत्तर वाटतो, आणि तो बाहेरच्या कोणीं नव्हे, त्यांच्याच पत्रांनीं हातीं दिला आहे.

हिंदुस्थानांत मात्र २०१८ सालीं या बाबतींत स्वतंत्र कायदा नव्हता. २०१७ सालीं सुनीता तिवारी या दिल्लीच्या वकीलबाईंनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानें न्यायालयास कळविलें कीं, असा प्रकार देशांत चालतो हें दाखविणारी अधिकृत माहिती किंवा पाहणी उपलब्ध नाहीं. ज्या गोष्टीविषयीं सात वर्षांच्या मुलीस बापापाशींहि बोलूं देत नाहींत, तिची अधिकृत माहिती कोणत्या कचेरींत जमा व्हावयाची होती? थोड्याच महिन्यांनीं सरकारच्याच ॲटर्नी जनरलनीं, सध्यांच्या पीनल कोडानें व बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानेंहि हा गुन्हाच आहे, असें सांगितलें. याच सुमारास लक्ष्मी अनंतनारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या अभ्यासांत, ज्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्या सात वर्षांवरील मुलींपैकीं शेंकडा ७५ मुलींवर हा प्रकार झाल्याचें आढळलें होतें.

वऱ्हाडांतील अमुक गांवच्या अमुक घरांत काय होतें, हें विचारीत फिरण्याचा अधिकार मला नाहीं व कोणा शेजाऱ्यानें तो घेऊंहि नये. या बायकांस दुहेरी भीति आहे : बोललें तर जमात रागावते, आणि जमातीबाहेरचे लोक त्यांचे शब्द उचलून साऱ्या मुसलमानांवर दगडासारखे फेंकतात. दुसरी भीति आपण निर्माण केलेली आहे. ती काढून घेणें एवढें तरी आपल्या हातीं आहे. बाकीचें काम बोलूं लागलेल्या सख्यांचें, वैद्यांचें आणि न्यायालयाचें.

न्यायालयानें २०१८ च्या सप्टेंबरांत हें प्रकरण मोठ्या पीठाकडे धाडलें. २०१९ च्या नोव्हेंबरांत, शबरीमलैच्या निकालाचा फेरविचार करतांना, तें धर्मस्वातंत्र्याच्या इतर प्रश्नांबरोबर आणखी मोठ्या पीठापुढें जावें असें ठरलें आणि पुढें नऊ न्यायाधीश नेमले गेले. पहिल्यानें कागद वर गेले तेव्हां जी मुलगी सहा वर्षांची होती, तिचा सातवा वाढदिवस दुसऱ्यानें ते वर जाण्याच्या आंतच होऊन गेला असेल.